देवानं टोचलेला कान

माणिकअण्णा पांचाळ माणसाचा चेहरा सगळ्यात शेवटी बघायचे. आधी कान. डावा, मग उजवा, मग सवड मिळालीच तर नाकडोळे. माझी कमलनगरच्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली, त्याच आठवड्यात गळ्यातल्या साखळीची कडी निसटली आणि मी त्यांच्या दुकानात गेले. बसस्टँडाकडून बाजारात जाणाऱ्या रस्त्यावरची एक खोली. पुढे ऐरण आणि शेगडी, मागे काचेचं कपाट आणि मध्ये मांडी घालून बसलेला एक किडकिडीत माणूस. मी साखळी पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, पण नजर माझ्या कानावर.

"भालकीच्या हाव का?"

"कशावरून?" मी विचारलं.

"डाव्या कानाचं भोक खालतं गेलंय. भालकीला एक म्हातारा सोनार व्हता, डावीकडं त्याचा हात घसरायचा. निम्मी भालकी तशीच हाय."

मी तोंडाची फटकळ. नव्या गावात आल्या आल्या कुणीतरी माझ्या कानात खोट काढावी, हे मला काही रुचलं नाही. कडी तेवढी बसवून द्या, असं म्हणून मी साखळी घेऊन निघाले. घरी जाऊन आरशात पाहिलं, तर डावं भोक खरंच खाली होतं. चाळीस वर्षं मी तो कान वागवत होते आणि मला पत्ता नव्हता.

पुढे ओळख वाढली तशा त्यांच्या कानांच्या गोष्टी कळत गेल्या. एकदा आम्ही औरादच्या जीपमध्ये होतो. समोर एक शहरी तरुण बसला होता, पुण्याहून आलेला, कुणाशी न बोलणारा. अण्णांनी दोन-तीन गावं जाईपर्यंत त्याच्याकडे, म्हणजे त्याच्या कानाकडे पाहिलं आणि मग शांतपणे विचारलं, "धोंडिबाचे नातू का तुमी?" पोरगा दचकला. आजोबा तो जन्मायच्या आधीच गेलेले. अण्णा म्हणाले, "वरची कड आत मुडपलीय. तुमच्या आज्याची तशीच व्हती." औराद येईपर्यंत तो तरुण स्वतःचा कान चाचपत बसला होता.

"तोंडाचा काय भरवसा, सिस्टरबाई," ते म्हणायचे. "सुकतंय, फुगतंय, खोटं बोलतंय. कान हाय तसा ऱ्हातो."

त्यांच्या तीन भाषा होत्या आणि तिघींची कामं वाटलेली होती. देवाशी मराठी, वजनमाप कानडीत आणि राग आला की दखनी उर्दू. लेकराचे कान टोचताना ते कानडीत आकडे मोजायचे. "तीन म्हटलं की टोचतो हां," असं सांगायचे, "ओंदु, एरडु" म्हणायचे आणि दोनलाच तार पार गेलेली असायची. लेकरू तीनची वाट बघत बसायचं. तोवर अण्णा दुसऱ्या कानाकडे वळलेले असायचे.

आमचं पहिलं मोठं भांडण त्या तारेवरून झालं. बारशालाच, बाराव्या-तेराव्या दिवशी, लोक बाळाचे कान टोचून घ्यायचे, आणि मी दवाखान्यात पिकलेले कान धुवत बसायचे. एक दिवस मी तरातरा दुकानात गेले आणि सांगितलं की दीड महिन्याची लस झाल्याशिवाय एकाही बाळाला सुई लावायची नाही, आणि तार आधी उकळायची. दुकानात गिऱ्हाइकं होती. मला वाटलं, आता हे उर्दूत सुरू होणार. अण्णांनी हातातला चिमटा खाली ठेवला.

"म्हंजे आधी तुमची सुई, मग माझी?"

"हो."

"बरं."

एवढंच. दुसऱ्या दिवसापासून दुकानात नियम सुरू झाला. बाळ घेऊन कुणी आलं की अण्णा आधी तायी कार्ड मागायचे. आमच्याकडे कर्नाटक सरकार बाळंतिणीला देतं ते आई-बाळाचं कार्ड. त्यांना कानडी वाचता यायचं, पण डॉक्टरी अक्षर नाही, म्हणून मी त्यांना लसीचा चौकोन दाखवून ठेवला होता. चौकोन रिकामा दिसला की कार्ड परत. "सिस्टरबाईकडं जावा. तिची सुई झाली की या." मी दारोदार हिंडून घसा कोरडा करायचे तेव्हा ज्या बायका दारं लावून घ्यायच्या, त्याच आता कार्ड नाचवत माझ्यापुढे रांगेत उभ्या. सोनारानं कान टोचलेले बरे म्हणतात, ते मला कमलनगरला पटलं.

असा हा शिस्तीचा माणूस. आणि त्याच शिस्तीतून त्याची चूक झाली.

आमच्या भागात काही बाळांच्या कानाच्या पुढच्या काठाला, कान जिथं गालाला चिकटतो तिथं, टाचणीच्या टोकाएवढं छिद्र असतं. जन्मतःच असतं. काहींना तिथं मांसाचा बारीक मोड असतो. छिद्र असलं की बायका म्हणतात, हा देवानं टोचलेला कान, पोरगं नशीब घेऊन आलं. अशा बाळाला पहिलं सोनं त्या छिद्राला लावायचं, मग पाळ्यांना, अशी रीत. अण्णा त्यासाठी मोहरीएवढा मणी घडवायचे, त्याला केसासारखी तार, आणि ती तार अलगद त्या छिद्रात सरकवून द्यायचे. त्यांच्या वडिलांनीही तेच केलं होतं.

औरादकडच्या एका खेड्यातून तुळसाबाई नावाची आजी अशी एक नात घेऊन आली. नाव ठेवलं होतं भाग्यश्री, त्या छिद्रामुळेच. कार्डावरचा लसीचा चौकोन रिकामा. अण्णांनी नियमाप्रमाणे पाळ्या टोचायला नकार दिला. आजी म्हणाली, "पाळ्या ऱ्हाऊ द्या. देवाच्या भोकाला तर सोनं लावा." अण्णांनी विचार केला. माझा नियम सुईचा होता. इथं सुई कुठं होती? भोक तर होतंच. त्यांनी मणी बसवून दिला आणि आजी नारळ ठेवून गेली.

आठव्या दिवशी ते बाळ माझ्यासमोर होतं. डाव्या कानापुढे सुपारीएवढी गाठ, लालबुंद, अंगात ताप. मी मणी काढला, पू आला. बाळाला तसंच उदगीरला मुलांच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि स्वतः दुकानात गेले. काय काय बोलले ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच की अण्णांनी ऐरणीवरचा हात काढला नाही आणि मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. अण्णा पहिल्या बसने उदगीरला गेले होते. मीही माझं काम उरकून दुपारी गेले. दवाखान्याच्या बाकावर ते छत्री धरून बसले होते. ऊन नाही, पाऊस नाही, छत्री कशाला आणली होती देव जाणे. आत जायची हिंमत होत नव्हती.

डॉक्टर शांत स्वभावाचे होते. त्यांनी आम्हाला दोघांनाही आत घेतलं. पू काढला होता, औषध चालू होतं, कान बरा होणार होता. पण त्यांनी बाळाच्या बापाला बघितलं, तर त्याच्याही कानापुढे तसंच छिद्र, आणि मानेवर एक बारीक भोक, अधूनमधून पाझरणारं. घरात कुणी बहिरं आहे का विचारलं, तर आत्याला लहानपणापासून ऐकू येत नव्हतं. म्हणून त्यांनी बाळाच्या पोटाची सोनोग्राफी केली होती. उजवी किडनी शेंगदाण्याएवढी, नावापुरती. डावी फुगलेली, कारण लघवी खाली उतरायच्या ऐवजी उलटी वर चढत होती. म्हणजे त्या पोरीला आयुष्य काढायचं होतं ते त्या एका फुगलेल्या किडनीवर.

अण्णांनी विचारलं. "डाक्तर, कान वर, किडनी खाली. ह्येंचा संबंध काय?"

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. पोटातलं बाळ जेव्हा बोटाच्या पेराएवढं असतं, त्याच आठवड्यांत कान आणि किडनी दोन्ही घडत असतात. त्या वेळी काही बिघडलं तर कधी कधी दोन्हीकडे खूण राहते. अशा शंभरातल्या बहुतेक बाळांना कानाच्या छिद्रापलीकडे काही नसतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं. घरात कुणी बहिरं असेल, किंवा असेच कान असतील, तर मात्र बघून घ्यायचं.

अण्णा चित्राकडे बघत राहिले. "एकाच दिशी, एकाच मुशीत आटवून वतलेले दोन डाग," ते म्हणाले. डाग म्हणजे आमच्याकडे दागिना. "एकाला बुडबुडा आला तर दुसरा उजेडात धरून बघायचा. बघायचा म्हंजे मोडीत काढायचा न्हाई."

डॉक्टर हसले. "मी इतकं चांगलं सांगितलं नव्हतं."

मग अण्णांनी विचारलं जे विचारायला ते आले होते. "माझ्यामुळं झालं का?"

"पू तुमच्यामुळे झाला," डॉक्टर म्हणाले. "किडनी जन्माचीच आहे. आणि पू झाला म्हणून ती सापडली, हेही खरं."

"दुसरं खरं हाय म्हणून पयलं माफ होत न्हाई," अण्णा म्हणाले.

बाहेर आलो तर तुळसाबाई दारातच होती. तिने अण्णांकडे पाहिलं. ओरडली नाही. "अण्णा, माझ्या नातीच्या कानाला परत हात लावायचा न्हाई," एवढंच म्हणाली आणि आत गेली. अण्णांनी मान हलवली. बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले होते. वाटेतलं तोगरी गाव आलं तेव्हा म्हणाले, ती छत्री दवाखान्यातच राहिली.

त्या दिवसापासून या माणसाचा जीव एकाच गोष्टीत अडकला. भाग्याची ती एक किडनी टिकते का, आणि आपल्याला तिच्या कानाला पुन्हा कधी हात लावायला मिळतो का. बाकी सगळं तसंच चालू होतं, पण मला ते दिसत होतं.

देवाच्या भोकाला सोनं लावणं त्यांनी बंद केलं, हे सांगायला नको. पण माणूस मुळात अतिरेकी. ते आता दिसेल त्या बाळाचे कान बघू लागले. बाजारात, जीपमध्ये, लग्नात अक्षता टाकायच्या आधी. आणि ज्याच्या कानात जरा काही वेगळं दिसलं त्याला उदगीरला पाठवू लागले. झोपेत मुडपलेला कान, सुपासारखा मोठा कान, एकाच्या कानाला तर नुसती हरभऱ्याची डाळ चिकटलेली होती. लोक घाबरले. पांचाळाकडं लेकरू नेऊ नका, तो कानात बघून किडनीत खोट काढतो, अशी बोलवा झाली. बसस्टँडावर एकाने मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात कान टोचायचं यंत्र आणून ठेवलं होतं, टिचकन वाजणारं. निम्मी गिऱ्हाइकं तिकडे गेली. अण्णांना त्याचं दुःख नव्हतं. "त्यो कार्ड बघत न्हाई," एवढीच त्यांची तक्रार.

शेवटी डॉक्टरांचा मला फोन आला. "सिस्टर, तुमच्या सोनारांना जरा आवरा. सकाळपासून कमलनगरचे चार कान आलेत आणि चारही ठणठणीत आहेत."

मी अण्णांना घेऊन पुन्हा गेले. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून तीन प्रश्न पाठ करून घेतले, शाळेतल्यासारखे. घरात कुणी लहानपणापासून बहिरं आहे का, किंवा कुणाचे असे कान, अशी मान, किडनीचा आजार आहे का? बाळात आणखी कुठं काही वेगळं दिसतं का? आईला गरोदरपणात साखरेचा आजार होता का? एकालाही हो म्हटलं तर पोटाचा फोटो. तिन्हींना नाही म्हटलं तर बाळाला ऐकू येतंय का एवढं तपासून घ्यायचं आणि घरी जाऊन निवांत झोपायचं.

"आन मोठे कान?" अण्णांनी विचारलं.

"मोठे कान बापाकडून येतात."

प्रश्न सोपे होते, विचारणं अवघड. आमच्याकडे घरात बहिरं माणूस असलं की ते लपवतात. पुढे पोरींची लग्नं व्हायची असतात. बाळ घेऊन सासर-माहेरचे दहा जण आलेले, आणि सोनार विचारतोय, तुमच्यात कुणी बहिरं हाय का. एकदा एका बाळाच्या दोन्ही कानांपुढे छिद्रं होती. अण्णांनी विचारलं. बाळाचा आजा ताडकन म्हणाला, "आमच्यात तसलं कायबी न्हाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मागे दाराशी बाळाचा चुलता पाठमोरा उभा होता, रस्त्याकडे बघत.

अण्णांनी वाद घातला नाही. "बरं," म्हणाले आणि शेजारचं पितळी ताट कोपराने ढकललं. ते फरशीवर असं आदळलं की बाळ रडायला लागलं, मी उडाले, समोरच्या चहावाल्याने मान बाहेर काढली. चुलता रस्त्याकडेच बघत होता.

ताट फिरत फिरत थांबलं. अण्णांनी ते उचललं, पुसलं आणि आजाच्या शेजारी जाऊन बसले, अगदी खांद्याला खांदा लावून. "मालक, मला सांगू नका. कुणालाच सांगू नका. उदगीरच्या डाक्तरला तेवढं कानात सांगा. पोरीची लग्नं हुतील, मी स्वता डाग घडवून दीन. पन लेकराच्या पोटात काय हाय ते आज बघा." आजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गेले. त्या बाळाच्या पोटात काही निघालं नाही, दोन्ही किडन्या झकास. पण ऐकू कमी येत होतं, आणि ते सहाव्या महिन्यातच कळलं म्हणून त्याला ऐकायचं यंत्र मिळालं. आजा पेढे घेऊन आला तेव्हा अण्णा म्हणाले, "पयलं ताट आणून द्या, माझ्या ताटाला पोचा पडलाय."

भाग्याची खबर मात्र त्यांना माझ्याकडूनच मिळायची. तिचा बाप मला फोन करायचा. तुळसाबाई उदगीरला तपासणीला जाता-येता कमलनगरवरूनच जायची, पण दुकान आलं की बसमध्ये तोंड दुसरीकडे फिरवायची. अण्णा रस्त्यावर उभे राहून बस बघायचे आणि संध्याकाळी मला विचारायचे, "वाढली का?"

"कोण, भाग्या?"

"किडनी."

दीड वर्षाची असताना तिचं हैदराबादला ऑपरेशन झालं, लघवीची वाट नीट करायचं. त्या दिवशी अण्णांनी शेगडी पेटवलीच नाही. गिऱ्हाइकं येऊन बसत होती, अण्णा नुसते फोनकडे बघत. मीच फोन घेऊन गेले. बापाने सांगितलं ते मी मोठ्याने सांगितलं, ऑपरेशन नीट झालं, पोरगी शुद्धीवर आली. अण्णांनी भरल्या दुकानात विचारलं, "लघवी झाली का?" मंगळसूत्र बघायला आलेलं नवं जोडपं एकमेकांकडे बघू लागलं. मी म्हणाले, झाली. अण्णांनी शेगडी पेटवली.

मग वर्षं गेली. तपासणीत भाग्यालाही कमी ऐकू येतं असं निघालं होतं, तिला दोन्ही कानांत ऐकायचं यंत्र बसलं. ती शाळेत जाऊ लागली, बोलू लागली, आणि तिच्या बापाच्या म्हणण्याप्रमाणे फार बोलू लागली. पण पाळ्या तशाच, बिनटोचलेल्या. वर्गातल्या पोरी बुचे कान म्हणून चिडवायच्या. आजी अण्णांकडे नेईना आणि बसस्टँडवरच्या यंत्रालाही देईना. "लोखंडाच्या हातात लेकरू देत न्हाई," म्हणायची. बाप कंटाळून म्हणायचा, मग टोचणार कोण? त्यावर आजी उठून आत जायची. मी एकदा मध्यस्थी करायला गेले तर मलाही चहा न देता पाठवलं. मी आल्यावर अण्णा म्हणाले, "तुमी कामून गेलाव? तिचं बरोबर हाय." मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

गेल्या उन्हाळ्याच्या आधीची गोष्ट. मी निवृत्त झाले होते. दुपारी अण्णांच्या दुकानात बसून चहा पिणं हाच माझा उद्योग. अण्णा आता सत्तरी ओलांडलेले, एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला. दारात सावली पडली म्हणून मी पाहिलं, तर तुळसाबाई. काखेत दवाखान्याची जाडजूड फाइल. मागे अकरा वर्षांची एक उंच पोरगी, दोन वेण्या, कानांमागे यंत्रं. अण्णांनी वर पाहिलं. अर्थात कानांकडे. डाव्या कानापुढे तांदळाच्या कणीएवढा पांढरा व्रण होता. त्यांच्या हातातली सांडशी तशीच राहिली.

आजी माझ्याकडे बघून म्हणाली, "सिस्टरबाई, त्येला सांगा, पोरीचे कान टोचायचे हायत."

अण्णाही माझ्याकडेच बघून म्हणाले, "त्येंना इचारा, डाक्तर काय म्हनले."

हातभर अंतरावर बसलेली दोन म्हातारी माणसं आणि मधे मी. आजीने फाइल माझ्या मांडीवर ठेवली. मी चष्मा लावून वाचलं. डावी किडनी दोघींचं काम करण्याइतकी वाढली होती. रक्त, लघवी, रक्तदाब, सगळं ठीक. गोळ्या बंद. आता वर्षातून एकदाच यायचं. मी वाचत होते आणि अण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्या इतक्या वर्षांच्या ओळखीत त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे असं पहिल्यांदाच पाहिलं असेल.

"चांगली आहे, अण्णा," मी म्हणाले. "अगदी चांगली आहे."

"मला इचारा की," पोरगी मध्येच म्हणाली. आवाज खणखणीत. "मीच म्हनलं, टोचायचे तर ह्येंच्याकडंच. आजी म्हनली व्हती, तू मोठी झालीस की तूच सांग. मी आज सांगितलं."

आजी पदर नीट करत राहिली.

अण्णांनी हात धुतले, दोनदा. तार उकळली. टोचताना लेकराच्या तोंडात गुळाचा खडा द्यायची रीत आहे, रडू नये म्हणून. त्यांनी डब्यातून खडा काढून पोरीपुढे धरला. "मी काय बारकी हाय का?" म्हणत तिने तो मुठीत घेतला. अण्णांनी पेनाने दोन्ही पाळ्यांवर ठिपके दिले, मागे सरकून पाहिलं, डावा ठिपका पुसून पुन्हा दिला. उजवा कान झटक्यात झाला. पोरीने पापणीही हलवली नाही.

डाव्या कानाशी हात थांबला. पाळी मोकळी होती, ठिपका स्पष्ट होता, पण अण्णांची नजर वर त्या व्रणावर गेली होती. मला वाटलं, आता ते तार खाली ठेवणार.

"टोचा की, अण्णा," तुळसाबाई म्हणाली. माझ्याकडे न बघता, सरळ त्यांच्याकडे बघून. "जीप जायलीय."

अण्णांनी टोचलं. तार वळवून कडी केली, खोबरेल तेलात हळद कालवून लावली, आणि आरसा पोरीपुढे धरला. पोरगी आरशात बघत होती. मग तिने आरसा बाजूला केला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, मोतीबिंदू काढलेल्याही आणि दुसऱ्याही, आणि दोन्ही हात आरशात गुंतल्यामुळे पुसता येत नव्हतं. तिने मूठ उघडली, गुळाचा खडा त्यांच्या तोंडात घातला आणि म्हणाली, "झालं आता. रडू नका."

आजी फाइल घेऊन उठली. मी त्या दोघींना जीपपर्यंत सोडायला निघाले. दुकानात नवं गिऱ्हाईक येऊन काहीतरी विचारत होतं. मी रस्त्यावरून मागे पाहिलं. अण्णा गूळ गालात धरून बसले होते, चावत नव्हते की गिळत नव्हते, आणि गिऱ्हाइकाला हातानेच सांगत होते, थांबा जरा.